भागूताईची दुसरी ओळ

भागूताई गेल्याचा निरोप मला दवाखान्यातच मिळाला. मी एका बाटलीला डोसांची कागदी पट्टी चिकटवत होतो. तिचे जावई मांडवीहून चालत आले होते, पायरीवर उभे राहूनच म्हणाले, "दत्तूमामा, आई गेल्या." भागूताई माझी मावसबहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, आणि त्यानंतर माझं नाक पुसण्यापासून मला भरवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. अशी बहीण गेल्याचं ऐकल्यावर माणसाला काय वाटायला हवं ते मला ठाऊक आहे. मला मात्र वाटलं, सुटलो. आता कुणी विचारणार नाही. एवढं मनात आलं आणि लगेच दुसरं : विचारणारी गेली तशी, ज्या माणसाजवळ कबुली द्यायची तेही माणूस गेलं होतं. याला आता सहा आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत गेलेल्या माणसांबद्दल चांगलं लिहायची पद्धत आहे. मीही भागूताईबद्दल चांगलंच लिहिणार आहे, पण ते लिहायचं तर माझ्याबद्दलचं वाईट लिहावं लागेल, दुसरा मार्ग नाही.

तिला अक्षर येत नव्हतं, पण आमच्या वाडीत कुणाला काही दुखलं-खुपलं की माणसं आधी तिच्या ओटीवर येत. भाजलं, विंचू चावला, लहान मुलाचं पोट धरलं, पावसात पायांना चिखल्या झाल्या, तिच्याकडे सगळ्यावर काहीतरी असे. आणि आंब्याच्या दिवसांत चीक उतलेली माणसं तर रांगेनं येत. आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण घाटावरच्या वाचकासाठी सांगतो : हापूस देठातून तोडला की जो चीक उडतो तो कातडीला लागला तर भाजल्यासारखे काळे फोड येतात, तोंडाला लागला तर ओठ सुजतात, घास घेता येत नाही. भागूताई नुसतं लांबून बघून सांगायची, हा चीक कालचा, हा परवाचा, आणि हा चीक नाहीच, मेल्या तू खाजकुयलीत कुठं शिरला होतास ते सांग. मी गावातल्या एका खासगी दवाखान्यात कंपौंडर म्हणून लागलो तेव्हा तिला केवढा अभिमान! पण बोलायची मात्र वाकडंच. "आला गो आमचा अर्धा डॉक्टर," असं ओरडून ती शेजारणींना बोलवायची. "दत्त्या, तुझ्या त्या लाल पाण्यात काय असतं रे? माझ्या सुंठीला निदान वास तरी हाय." तिचे यजमान, आमचे दाजी, बैलगाडीवान. हंगामात बागेतल्या आंब्याच्या करंड्या ते बंदरावर आगबोटीला पोचवायचे. रोज सकाळी मला गाडीत घेऊन गावात सोडायचे तेही तेच. फार कमी बोलणारा माणूस. बैलांशी मात्र सारखं बोलायचे.

आता दवाखान्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच फिरलं. आमचे डॉक्टर हुशार होते, हाताला गुण होता, पण गर्दीनं कावलेले. ते आतल्या खोलीत बसत. बाहेर मी रोग्याची तक्रार ऐकायची, चिठ्ठीवर लिहायची, आणि चिठ्ठी आत द्यायची. ते चिठ्ठीवर मिक्श्चरचा आकडा टाकत आणि मी मोठ्या बरणीतून तेवढं ओतून देत असे. ज्याला आत बोलवायचं त्याला ते बोलवत. दहांतल्या सातांना बोलवत नसत. आणि त्यांचा एक कडक नियम होता. "दत्तोपंत, चिठ्ठीवर एक ओळ. मला पुराण नको." सुरुवातीला मी एकदा तीन ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी ती चिठ्ठी सगळ्या रोग्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली, कीर्तनात वाचावी तशी, आणि माणसं हसली. त्यानंतर मी दुसरी ओळ कधी लिहिली नाही.

बारा वर्षांपूर्वीचा वैशाख. बागा उतरत होत्या आणि दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भागूताई एकटीच आली. दाजींना हंगाम सोडून यायला सवड नव्हती, म्हणून औषध न्यायला ती आली होती. तेव्हा असंच चालायचं. मी औषधं देतो त्या फळीवर हात टेकून म्हणाली, "ह्यांचं तोंड उघडत नाय रे. कालपासून भाकर चावता येत नाय. पेज तेवढी घेतात, तीपण दातांतून ओढून." मी विचारलं, चीक लागलाय का. म्हणाली, "लागलाय, ओठाला फोड हायत. पण दत्त्या, चीक मी ओळखते. चिकानं ओठ दुखतो, हा जबडा आतनं धरलाय." आणि मग म्हणाली, आणि हे मी आज शब्दन् शब्द लिहितो : "बैलाच्या खुराला पत्री ठोकताना ह्यांच्या पायात खिळा गेला व्हता. आठ दिस झाले. गोठ्यातच गेला. मी हळद-तेल भरलं, वरून जखम भरली. पण तेवढं डॉक्टरांना सांग."

मागून कुणीतरी ढकलत होतं. एक मूल रडत होतं. मी हसून म्हणालो, "ताई, डॉक्टर तू का मी?" ती म्हणाली, "तू अर्धाच रे." मी चिठ्ठीवर लिहिलं : आंब्याचा चीक, तोंड. एक ओळ झाली. खिळा दुसऱ्या ओळीत गेला असता.

आतून आकडा आला, तोंडाला आतून लावायचं औषध आणि ताकाच्या गुळण्या. मी बाटली भरली, ती पदराखाली धरून गेली.

दोन दिवसांनी दाजी स्वतः आले. गाडी बाहेर उभी करून, आगबोट चुकेल या घाईत. त्यांचं चालणं पाठीत काठी घातल्यासारखं ताठ होतं. त्या दिवशी डॉक्टर काहीतरी कामानं बाहेरच्या खोलीतच उभे होते. त्यांनी लांबूनच दाजींच्या ओठांवरचे काळे फोड पाहिले आणि म्हणाले, "चीकच आहे. बागाइतदाराचे आंबे चोरून खाणं कमी करा जरा!" सगळे हसले. दाजीही हसले. म्हणजे मला आधी तसं वाटलं. मग डॉक्टर आत गेले, बाकीच्यांचं हसणं थांबलं, आणि दाजींचं थांबलं नाही. ओठांचे कोपरे मागे ओढलेले, भुवया वर चढलेल्या, आणि डोळ्यांत मात्र हसण्याचं नावसुद्धा नाही. डोळे माझ्याकडे बघत होते, विचारत होते.

मी ते तोंड ओळखलं. हे मी बारा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात लागलो त्या वर्षी एका बाळंतिणीचं सात दिवसांचं मूल आणलं होतं, लोक त्याला सटवी लागली म्हणत होते. त्या एवढ्याशा चेहऱ्यावर नेमकं हेच हसू होतं. डॉक्टरांनी तेव्हा मला बोट लावून दाखवलं होतं, "बघून ठेवा, दत्तोपंत, हा धनुर्वात." मी बघून ठेवला होता. चार पावलं आत जाऊन "साहेब, यांच्या पायात खिळा गेला होता" एवढं म्हणायचं होतं. पण मग साहेब विचारणार, हे परवा का नाही लिहिलंत? सगळ्यांसमोर विचारणार... मी स्वतःला म्हणालो, नसेल तसं. चीकच असेल, डॉक्टरांनी स्वतः पाहिलंय. दाजींच्या हातात बाटली दिली. ते गाडीत चढले तेव्हा त्यांना कासरा धरायला वाकता येत नव्हतं. मी बघत उभा राहिलो. सरकारी दवाखान्यात धनुर्वातावरच्या सुया मुंबईहून आणून ठेवलेल्या असत, हे मला माहीत होतं. तो दवाखाना आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. त्या दिवशी दिलेल्या सुईनं ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही. वाचतात ते थोडेच. पण जी थोडी आशा होती ती मी दारातून गाडीत बसवून परत पाठवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाडीवरून बोलावणं आलं. डॉक्टरांच्या सारवट गाडीत पेटी घेऊन मी मागे बसलो. वाडीच्या तोंडाशीच मला पहिली भीती वाटली, कारण वाडी मुकी होती. भर वैशाखात, आंबे उतरण्याच्या दिवसांत, कुणी हाक मारत नव्हतं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवलेल्या होत्या, रहाटाला चिंध्या गुंडाळल्या होत्या. आवाज झाला की दाजींना झटका यायचा. खोलीची दारं-झडपा लावून अंधार केला होता; मी दार जरा उघडलं, उजेडाची एक रेघ आत गेली, आणि तेवढ्यानं तो माणूस टाच आणि डोकं एवढ्यावर टेकून कमानीसारखा उचलला गेला. दात एकमेकांवर घासल्याचा आवाज मी अजून ऐकतो. आणि शुद्ध पूर्ण होती हो. तेच त्या रोगाचं भयंकर. भागूताई त्यांच्या कपाळाला हातसुद्धा लावू शकत नव्हती, लावला की झटका. ती दोन हात मांडीत घट्ट धरून बसली होती, आणि तिची आठ वर्षांची सुली दाराआड तोंडात परकराचा बोळा धरून रडत होती, आवाज होऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी पायाचा तळवा पाहिला आणि ते बाहेर आले. ओटीवर दाजींचे थोरले भाऊ, आबा, उभे होते. डॉक्टर मला म्हणाले, "दत्तोपंत, खिळ्याचं कुणी बोललं होतं का?" आबा माझ्याकडे बघत होते, आणि भागूताई दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हणालो, "नाही, साहेब." ती दबक्या आवाजात म्हणाली, "मी सांगितलं व्हतं..." डॉक्टरांनी खिशातून भागूताई आली होती त्या दिवशीची चिठ्ठी काढली, ती त्यांनी निघताना चिठ्ठ्या अडकवायच्या तारेवरून काढून आणली होती. "बाई, इथे काही नाही. आम्ही ऐकतो ते लिहितो. वेळेवर सांगितलं असतंत तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आबांनी ते पुढे बारा वर्षं पुरं केलं.

भागूताई त्या कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. कागदावर जे असतं ते खरं, अशी तिची समजूत होती, कोर्टकचेरीची, सातबाऱ्याची, देवळातल्या पंचांगाची. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवत नसावं तसं.

सरकारी दवाखान्यात नेलं, सुया दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी दाजी गेले.

पुढचं लोकांनी केलं, मला काही करावं लागलं नाही. हळद भरून जखम वरून बुजवलीन आणि नवऱ्याला गिळलीन, असं आबा ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिला मागच्या पडवीत घातलं. तिच्या औषधाच्या गाडग्या-मडक्या आबांच्या बायकोनं उकिरड्यावर फोडल्या. पण त्याहून मला जे बघवलं नाही ते वेगळंच. कुणी भाजलेलं मूल घेऊन चुकून तिच्याकडे आलं तर ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. "नको गो, माझा हात नको. दवाखान्यात ने." ज्या हाताला सगळी वाडी मानायची तो हात ती लपवायला लागली. बंदरावर करंड्यांत पेंढा भरायचं काम करायची, उन्हाळ्यात आमसुलं घालायची, आणि सुलीच्या पायाला साधी ठेच लागली तरी तीन मैल चालत तिला माझ्याकडे आणायची. ती दवाखान्याच्या पायरीवर दिसली की मी उगाच बरण्या पुसायला लागायचो. दरवेळी वाटायचं, आज विचारणार.

एकदा विचारलंनच. पाच-सहा वर्षं झाली असतील. सुलीच्या बोटाला माशाचा काटा लागला होता. मी जखम धुतली, डॉक्टरांना आत जाऊन तोंडी सांगितलं, सगळं सांगितलं, चार ओळींचं. पट्टी बांधताना भागूताई हळूच म्हणाली, "दत्त्या, एक विचारू? खिळ्याचं मी तुला सांगितलं व्हतं का रे? मला वाटतं सांगितलं. मग वाटतं, वाटेत घोकत आले तेच ध्यानात ऱ्हायलं असंल, तोंडातून निघालंच नसंल." बाहेर ऊन होतं. फळीपाशी आम्ही तिघंच. याहून सोपी वेळ मला आयुष्यात मिळाली नसती. मी पट्टीची गाठ मारत म्हणालो, "फार गर्दी होती ताई त्या दिवशी... आठवत नाही." तिनं मान हलवली. "तेच. मीच इसरले असन."

माणसाचा पाय, हात, डोळा जातो ते दिसतं. तिची स्वतःच्या आठवणीवरची खात्री मी काढून घेतली, आणि ती मला धन्यवाद देऊन गेली.

डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हा तरी बोलता आलं असतं. पण त्यांच्या जागी त्यांचे पुतणे बसले, मी तिथंच राहिलो, आणि भीतीही. सुलीचं लग्न मांडवीला झालं, भागूताई तिच्याकडे राहायला गेली, छातीचा आजार जडला. शेवटचा भेटलो तेव्हा मी ठरवून गेलो होतो. रस्ताभर वाक्य जुळवत गेलो होतो. ती भिंतीला टेकून बसली होती, धाप लागत होती, तरी म्हणालीच, "अर्धा डॉक्टर आला. उरलेला अर्धा कधी आणणार?" मी बसलो. तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "येत जा रे दत्त्या. सगळ्या गणगोतात तू एकटा, ज्यानं मला त्या गोष्टीवरून कधी टाकून बोललं नाय." आणि माझ्या हातावर हात ठेवला, स्वतः होऊन. कुणाला हात न लावणाऱ्या त्या बाईनं... मी समुद्राच्या हवेबद्दल काहीतरी बोललो आणि उठून आलो.

तेरावं झाल्यावर मी सुलीला सांगितलं. आता ती वीस वर्षांची आहे, कडेवर मूल आहे. सगळं तिनं ऐकून घेतलं. मुलाच्या अंगावरची माशी हाकलत राहिली. मग म्हणाली, "मामा, आई मला कायपण सांगितलं की परत वदवून घ्यायची. चुलीवरचं दूध बघ, एवढं सांगितलं तरी, काय सांगितलं मी? बोल. आणि एकदा बोलून भागायचं नाय, दोनदा. दुकानदाराकडून, टपालवाल्याकडून, ह्यांच्याकडून सुद्धा. लोक हसायचे तिला. मीपण चिडायचे. मला वाटायचं वय झालं." ती उठली. "चला. आबांकडे चला."

म्हटलं, सुले, आबा म्हातारे आहेत, त्यांना आता... "मग पेपरात पण लिवा," ती म्हणाली. "सगळ्या गावानं ऐकलं व्हतं तेव्हा." हा मजकूर छापल्यावर दवाखान्यात माझं काय होईल ते मला माहीत नाही. लिहिताना दारावर कुणी हाक मारली तरी दचकतो आहे.

आम्ही गेलो तेव्हा आबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, बसवेना. पत्रीचा खिळा, आठ दिवस, गोठा, हळद-तेल, डॉक्टरांना सांग. आणि माझी एक ओळ, आणि ते हसू, आणि माझं ते "नाही, साहेब". आबांचा अडकित्ता थांबला. मला वाटलं ते मारतील, आणि खरं सांगतो, त्यानं बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "मग मी तिला इतकी वर्षं जे बोललो, त्याचं काय करू रे आता?"

सुली मुलाला घेऊन दारात उभी होती, जिथं तिची आई उभी होती तिथंच. म्हणाली, "आबा, काय सांगितलं मामानं? बोला."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. हातातला अडकित्ता खाली ठेवला. "भागीरथीनं सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

सुली हलली नाही. तिथंच उभी राहिली, दुसऱ्यांदा ऐकायला.